संसाराच्या चार गोष्टी : डिश घ्यावी की केबल?

दिवाळीसाठी मुंबई-पुण्याहून गावी निघालेल्या मंडळींच्या सामानात पूर्वी चिवड्या-चकल्यांचे डबे, नवी लुगडी-धोतरे आणि मुलांचे फटाके असत. हल्ली त्यांच्या जोडीला खोक्यात बांधलेला एक चपटा टीव्हीही असतो. सणाची सवलत पाहून थोरल्या मुलाने तो घेतलेला असतो. गावी पोचल्यावर माजघराच्या भिंतीवर तो चढतो, शेजारीपाजारी येऊन कौतुक करून जातात, आणि रात्री पानावर बसल्यावर प्रश्न निघतो, "आता याला डिश लावायची, की केबल?"

येथवर घरात एकमत असते. येथून पुढे मात्र फाटे फुटतात. जावईबापू डिशच्या बाजूचे, कारण त्यांच्याकडे डिश आहे. धाकटे चिरंजीव केबलच्या बाजूचे, कारण केबलवाला त्यांचा शाळेतला सोबती. कॉलेजात जाणारा नातू म्हणतो, "दोन्ही जुनं झालं, आजोबा. सरळ इंटरनेट घ्या." आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो ती आई तव्यावरची पोळी उलटीत म्हणते, "तुम्हीच काय ते ठरवा बाबांनो. मला काय कळतंय त्यातलं!"

तिला पुष्कळ कळते. पण त्याकडे आपण शेवटी वळू.

हा प्रश्न शहरातल्या ब्लॉकात निघाला तर त्याला फारसे महत्त्व नाही. तेथे इमारतीत जी सोय आधीच झालेली असते ती आपण पत्करतो, आणि दोन दिवस टीव्ही बंद राहिला तरी कोणाचे अडत नाही. देवरूखच्या घराची गोष्ट निराळी. संगमेश्वर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. शहर म्हणावे तर लहान आणि खेडे म्हणावे तर नगरपंचायत असलेले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो. जुनी घरे जांभ्याची, वर कौले, भोवती माड, फणस, आंबा. मुले मुंबईला, ठाण्याला, पुण्याला. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील, आणि पुष्कळदा दोघांपैकी एकच. अशा घरात आषाढातल्या संध्याकाळी टीव्ही बंद पडला की दिवसभरात कानावर येणारा माणसाचा आवाजच बंद पडतो. तेव्हा डिश की केबल, हे ठरविताना जाहिरातीतल्या वाहिन्यांची संख्या मोजून भागणार नाही.

दोन वाटा, एकच उगम

केबलचा जन्म मुळी डोंगराआडच्या गावांसाठीच झाला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि ऑरेगॉन या राज्यांतल्या काही गावांना मधल्या डोंगरांमुळे दूरच्या शहरातले चित्र दिसेना. तेव्हा उंच जागी एक अँटेना उभारून तेथून घरोघर तारा नेण्याची युक्ती निघाली. देवरूखकरांना ही अडचण समजावून सांगायला नको. बांबूच्या टोकाला अँटेना बांधून, "आलं का? आता आलं का?" अशा आरोळ्या देत ती फिरविलेली माणसे अजून गावात आहेत. ती अँटेना आता केवळ कावळ्यांच्या सोयीची उरली आहे, कारण दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद झाली.

दुसरी वाट आकाशातली. आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली एका मासिकात लिहिले होते की, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादे यंत्र फिरत ठेवले तर ते पृथ्वीच्याच गतीने फिरेल, म्हणून खालून पाहणाऱ्याला एका जागी स्थिर भासेल आणि तेथून निम्म्या जगाला संदेश धाडता येतील. त्या वेळी ही कल्पना कादंबरीत शोभणारी वाटली असेल. परंतु तीसच वर्षांनी, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात, आपल्या देशातल्या सहा राज्यांतील २,४०० खेड्यांनी अमेरिकेकडून वापरायला मिळालेल्या उपग्रहावरून थेट कार्यक्रम पाहिले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत असत. आपल्या इस्रोच्या लोकांनी त्यांच्याही घरी एक डिश बसवून दिली. कल्पना काढणाऱ्याच्या घरी त्याच्या कल्पनेचे फळ असे पोचते झाले.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी आणि मग खाजगी वाहिन्या आल्या, त्यांच्यामागून गल्लोगल्ली केबल आली, आणि १९९५ साली केबलचा कायदाही झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आल्यावर मराठी घरांतही केबलचा हट्ट सुरू झाला. घराच्या छपरावर लहान डिश लावून थेट उपग्रहावरून चित्र घेण्याची खाजगी सेवा २००३ साली निघाली, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने स्वतःची मोफत सेवा आणली. तीच आज डीडी फ्री डिश या नावाने चालते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. केबलच्या बहुतेक वाहिन्याही मुळात उपग्रहावरूनच येतात. केबल कंपनीच्या केंद्रावर मोठमोठ्या डिश असतात. तेथे चित्र उतरवून घ्यायचे आणि तारेने घरोघर पोचवायचे, हा तिचा धंदा. म्हणजे पाणी एकाच ढगातले. कोणी आपल्या दारी पागोळ्याखाली हंडा लावतो, तर कोणी गावच्या टाकीतून नळ घेतो. चित्राच्या स्वच्छतेतही पूर्वीचे अंतर उरले नाही. केबल डिजिटल करण्याचा सरकारी कार्यक्रम मुंबईत २०१२ साली सुरू झाला आणि देवरूखसारख्या गावांसाठी त्याची शेवटची मुदत मार्च २०१७ ही होती. डिश असो वा केबल, टीव्हीखाली एक डबा आता ठेवावाच लागतो. फरक उरला आहे तो पाऊस, झाडे, वीज, पैसा आणि माणूस या पाच बाबतींत.

पाऊस आणि झाडे

घरच्या लहान डिशवर येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. मुसळधार पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात आणि इतस्ततः उधळून लावतात. रिमझिम पावसाला डिश दाद देत नाही. पण कोकणात जी झड येते, समोरचा गोठाही दिसेनासा करणारी, ती आली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि पाठोपाठ पडद्यावर "सिग्नल नाही" अशी पाटी येते. झड ओसरली की चित्र आपोआप परत येते. केबलच्या केंद्रावरील मोठ्या डिश बहुतांशी याच्या तिप्पट लांबीच्या लहरी घेतात, त्यांना पाऊस फारसा त्रास देत नाही. म्हणून भर पावसात चित्र टिकण्याच्या बाबतीत केबलचे पारडे जड.

डिश घ्यायचीच असेल तर यावर एक उपाय आहे. नेहमीची डिश सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची असते. ९० सेंटिमीटरची डिश तिच्या सव्वादोन पट क्षेत्रावरून लहरी गोळा करते, त्यामुळे मधल्या जोराच्या सरीत ती तग धरते. चार पैसे अधिक पडतात, पण कोकणात ते सत्कारणी लागतात. बसवायला आलेल्या माणसाला टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलचा आकडा दाखवायला सांगावे आणि तो जास्तीत जास्त येईपर्यंत नेम धरून घ्यावा. दिवाळीच्या स्वच्छ आभाळात कसातरी धरलेला नेम जूनमध्ये दगा देतो.

आता झाडे. देवरूख सुमारे १७ अक्षांशावर आणि साडेत्र्याहत्तर रेखांशावर आहे; आपल्याकडच्या घरगुती सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर ८३ ते १०८ पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहेत. म्हणजे देवरूखच्या अंगणातून ते दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये, आग्नेयेच्या अंगाला दिसणार. आग्नेय दिशा आजवर चुलीची मानली जाई, आता ती डिशचीही झाली. फ्री डिशचा उपग्रह येथून क्षितिजावर सुमारे ६० अंश उंच आहे, तेव्हा सह्याद्रीची भीती नाही. भीती आहे ती परसातल्या माडाची. त्याचा हिशेब असा. माडाचा शेंडा डिशपेक्षा ६० फूट उंच असेल, तर डिश त्याच्यापासून निदान ३५ फूट दूर हवी. काही कंपन्यांचे उपग्रह अधिक पूर्वेकडे, आणि म्हणून आणखी खाली, ४५ अंशांच्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी झाड जेवढे उंच तेवढेच अंतर धरावे. आणि हा हिशेब आजच्या झाडाचा करू नये, पाच वर्षांनंतरच्या झाडाचा करावा. टीव्हीसाठी लागता फणस तोडण्याची पाळी येऊ नये.

डिश कौलांवर किंवा कौलांच्या वाशांना बांधणे अगदी वाईट. वारा तिला हलवतो, आणि वानरांची टोळी आली की ती तिच्यावर झोके घेते. जांभा दगड सच्छिद्र; त्यात नुसत्या ठोकलेल्या खुंट्या पाणी मुरून सैल पडतात. खळ्याच्या कडेला सिमेंटचा लहानसा ओटा करून त्यात लोखंडी नळी रोवावी आणि डिश तिच्यावर बसवावी, म्हणजे ती पुसायला शिडी लागत नाही. तार घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. पाणी त्या झोळाच्या टोकाशी गळून जाते, तारेवरून आत येत नाही.

विजेचे दुखणे

पावसाच्या बाबतीत केबल जिंकली, तर विजेच्या बाबतीत डिश जिंकते. डिशच्या घरी टीव्ही आणि डबा या दोघांना वीज मिळाली की पुरे. हल्लीचा ३२ इंची टीव्ही आणि त्याचा डबा मिळून छताच्या एका पंख्याएवढीच वीज खातात, आणि साधा इन्व्हर्टर त्यांना काही तास सहज पोसतो. केबलची तार मात्र केंद्रापासून आपल्या दारापर्यंत येताना मध्ये ठिकठिकाणी विजेवर चालणाऱ्या यंत्रांतून येते. त्यांतले एक बंद पडले की त्याच्या पुढची सगळी घरे आंधळी होतात, मग आपल्या घरी इन्व्हर्टर असो वा नसो. केबलवाले तेथे बॅटऱ्या ठेवतात, पण श्रावणातल्या वादळात एखादे झाड विजेच्या तारांवर आडवे झाले आणि गाव दोन दिवस अंधारात राहिले, तर त्या बॅटऱ्या किती पुरणार? तेच झाड केबलवरही पडलेले असते.

म्हणून घर बाजारपेठेत असेल, जेथे वीज लवकर परत येते आणि तारेची वाट आखूड असते, तेथे केबलचा भरवसा अधिक. घर वाडीच्या टोकाला, ओढ्यापलीकडे असेल, जेथे तार दहा झाडांतून लोंबकळत येणार, तेथे डिशच बरी. एकाच गावात दोन घरांसाठी दोन उत्तरे असू शकतात.

विजांचा कडकडाट सुरू झाला की मात्र दोघांनाही नियम एकच : टीव्हीची आणि डब्याची पिन काढावी, आणि कडकडाट सुरू होण्यापूर्वीच डब्याची तारही सोडून ठेवावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात हे विशेष सांभाळावे. घरात वडील माणसे एकटी असतील तर सगळ्या पिना एका पट्टीवर घेऊन ती हाताशी येईल अशा उंचीवर बसवून द्यावी. टीव्हीमागे वाकून पिना काढणे सत्तरीतल्या कमरेला झेपत नाही.

पैशाचा हिशेब

मासिक खर्चाची पद्धत दोन्हीकडे आता सारखीच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नियमांनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे भरण्याची मुभा मिळाली. मूळ जोडणीचा आकार १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर कर, यापेक्षा अधिक नसावा असे ठरले होते. पुढे २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्याव्यात असे झाले. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही मर्यादा काढून टाकली. आता हा आकार ज्याचा त्याने ठरवायचा आहे. म्हणून ठाण्याच्या बहिणीचे बिल पाहून देवरूखचे बिल ठरवू नये. दोन-तीन ठिकाणी विचारून, करासकट एकूण रक्कम कागदावर लिहून घ्यावी.

सशुल्क वाहिन्या सुट्या घेता येतात आणि पॅकेजातही मिळतात. पॅकेज स्वस्त दिसते. परंतु त्यात क्रीडा, इंग्रजी चित्रपट, दक्षिणेकडच्या भाषा यांची भरती असेल आणि घरात आईच्या दोन मराठी मालिका, बाबांच्या बातम्या आणि सकाळचे कीर्तन एवढेच पाहिले जात असेल, तर ते पॅकेज म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आठवडाभरात घरात कोणत्या वाहिन्या खरोखर लागतात त्याची यादी करा. ती दहाच्या वर सहसा जात नाही.

फ्री डिशचा प्रकार वेगळा. डिश, डबा आणि तार मिळून सुमारे दोन हजार रुपयांचा एकदाच खर्च. पुढे दरमहा काही नाही. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या त्यावर मिळतात, काही खाजगी वाहिन्याही मिळतात. त्या खाजगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यामुळे यादी अधूनमधून बदलते, आणि घरात ज्या मालिकेवाचून जेवण जात नाही ती तिथे असेलच असे नाही. शिवाय दरमहा पैसे घेणारी कंपनी नाही, म्हणजे तक्रारीला धावून येणारा माणूसही नाही. बिघडले तर गावातला कारागीर बोलवावा लागतो.

आणखी एक सावधगिरी. एका कंपनीचा डबा दुसरीकडे सहसा चालत नाही. डबा विकत आहे की वापरायला दिलेला, सेवा सोडल्यास अनामत परत मिळते का, हे आधी विचारावे. केबल असो वा डिश, अर्जाची प्रत, पैशांची पावती आणि तक्रारीचा नंबर मागून घ्यावा. ओळखीच्या माणसाकडून पावती मागायला आपल्याकडे संकोच वाटतो. पण तो ग्राहकाचा हक्क आहे आणि भल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

कोण येणार?

येथवरच्या चारही बाबतींत डिश आणि केबल जवळजवळ बरोबरीने चालल्या. पाचवी बाब माणसाची, आणि माझ्या मते निकाल तिच्यावर लागावा.

टीव्ही बंद पडण्याची दहांतली आठ कारणे क्षुल्लक असतात. रिमोटची चुकीची कळ दाबली जाते, तार ढिली होते, डबा अडकून बसतो, पैसे भरायचे राहतात. शहरात या गोष्टींचे कोणाला काही वाटत नाही. परंतु एकटी आई घरात असली की एवढ्याशा कारणाने टीव्ही आठ-आठ दिवस बंद राहतो, कारण मुलाला फोन करून एवढ्यासाठी त्रास द्यावा असे तिला वाटत नाही. रविवारी मुलगा विचारतो, "काय आई, मालिका कुठवर आली?" आणि ती म्हणते, "हल्ली बघावंसंच वाटत नाही रे." या वाक्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की पडद्यावर निळा रंग आहे आणि तो कसा घालवायचा हे तिला ठाऊक नाही.

डिश कंपनीचा तक्रारीचा नंबर लावला की "मराठीसाठी अमुक दाबा, तमुक दाबा" सुरू होते. कानाने मंद झालेल्या आणि चष्मा शोधत असलेल्या माणसाला ती पायरी ओलांडणेच कठीण. मात्र डिशला एक मोठी सोय आहे : मुलगा मुंबईत बसल्या जागी आईचा रिचार्ज भरू शकतो, वाहिन्या बदलू शकतो आणि तक्रारही तिच्या वतीने नोंदवू शकतो. त्याने तेवढी आठवण ठेवली पाहिजे.

केबलवाला गावातलाच असतो. तो चांगला असेल तर सायकल-मोटारीवरून संध्याकाळपर्यंत येतो, रिमोटची कळ दाबतो आणि जाताना "काकू, बरं आहे ना?" म्हणून विचारून जातो. काही ठिकाणी केबलवाल्यांची स्वतःची स्थानिक वाहिनी असते. तिच्यावर गावचे गणपती, शिमग्यातली पालखी, शाळेचे स्नेहसंमेलन दिसते. संक्रांतीला मार्लेश्वराचे गिरिजादेवीशी लग्न लागते. गुडघ्यांमुळे मार्लेश्वराच्या पायऱ्या ज्यांना आता चढवत नाहीत, त्यांना तो सोहळा घरी बसून दिसणे ही लहान गोष्ट नाही. कोणत्याही उपग्रहावरून ही सोय होणार नाही. तुमच्या भागातल्या केबलवर अशी वाहिनी आहे का, हे अवश्य विचारा. उलट, केबलवाला बोलावून न येणारा असेल, तर वरचे सगळे गुण कागदावरच राहिले. त्याची परीक्षा सोपी आहे. त्याला विचारू नका. त्याच्या तारेवरच्या चार घरी विचारा की, गेल्या जुलैत बंद पडले होते तेव्हा तो कितव्या दिवशी आला.

आता सरळ उत्तर हवे असणाऱ्यांसाठी सांगतो. घर वर्षभर बंद असते, गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उघडते, तर फ्री डिश लावा. बंद घराचे दरमहा पैसे भरण्यात शहाणपण नाही. घरात वडील माणसे राहतात, घर वस्तीत आहे आणि केबलवाल्याचा लौकिक चांगला आहे, तर केबल घ्या. घर वाडीच्या टोकाला आहे किंवा केबलवाल्याचा भरवसा नाही, तर पैशांची डिश घ्या, पण मोठ्या व्यासाची, जमिनीवरच्या ओट्यावर बसविलेली, आणि गावातल्या एखाद्या कारागिराशी आधीच बोलून ठेवलेली. नातवाच्या इंटरनेटला माझा विरोध नाही. तार चांगली असेल तेथे ते उत्तम चालते, आणि पुष्कळ केबलवालेच आता तेही देतात. परंतु ज्या हाताला आजवर दोनच कळा ठाऊक आहेत त्याच्यापुढे चित्रांनी भरलेला पडदा ठेवून मुंबईची गाडी पकडणे योग्य नाही. इंटरनेट घ्यायचेच तर जुन्या सोयीच्या जोडीला घ्या, तिच्या जागी नको.

आणि आता त्या पोळ्या करणाऱ्या आईकडे वळू. संध्याकाळी सात ते नऊ काय पाहायचे, वीज किती वेळा जाते, कोणत्या बाजूने झड येते, केबलवाल्याचा मुलगा कसा आहे, शेजारच्या घरची डिश गेल्या पावसात किती दिवस बंद होती, हे घरात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. वर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी आहे. तिला वाहिन्यांचे आकडे कळत नसतील. ते आपल्याला तरी कुठे कळतात? पण आपण तिला विचारतो ते, "आई, डिश घेऊ की केबल?" असे. त्याला ती "तुम्हीच ठरवा" म्हणणारच. त्याऐवजी तिच्याशेजारी बसून विचारा, "आई, गेल्या पावसात टीव्ही किती दिवस बंद होता? तेव्हा तू काय केलंस?" आणि ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐका. टीव्हीबरोबर आणखीही काही कळेल.

तेव्हा या दिवाळीत गावी जाल तेव्हा एवढे करा. भाऊबीज आटोपली की उजेड असताना अंगणात उभे राहून आग्नेयेकडे पाहा, माड कोठे आहेत ते बघा. चार घरी केबलवाल्याची चौकशी करा. आठवड्यात लागणाऱ्या वाहिन्यांची यादी आईकडून लिहून घ्या. जी सोय ठरेल ती तुम्ही तेथे असतानाच बसवून घ्या, आणि निघण्यापूर्वी रिमोटच्या नेहमीच्या कळांवर रंगीत कागदाचे ठिपके चिकटवून आईकडून तिच्या हाताने तीनदा टीव्ही लावून घ्या. तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी लावा, आणि त्याच्या खाली तुमचा स्वतःचा लिहा.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या गावाकडच्या वडीलधाऱ्यांना ही दिवाळी सुखाची जावो.